गॅस दिला की नाक वर: कपाशीच्या वावरातल्या पहिल्या आरसी विमानाचं पूर्ण प्रकरण

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडचे पोट्टे युट्यूब पाहून आरसी, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या, विमानाचं सामान मागवतात आणि त्या व्हिडिओतलं मैदान, ऊन, हवा यातलं काहीच आपल्या गावाशी जुळत नाही. मग दोन-चार वेळा आपटून विमान माळ्यावर जाऊन पडतं आणि पोरगं म्हणतं हे आपलं काम नाही. माझं म्हणणं एकच आहे, विदर्भातल्या खेड्यात पहिलं विमान निवडताना ते किती भारी दिसतं हे पाहू नका, ते आपल्या उन्हात टिकेल का आणि तुटलं तर तालुक्याच्या सामानात दुरुस्त होईल का ते पाहा.

प्रकरण माझ्या भाच्याचं आहे. गाव दारव्हा तालुक्यातलं, यवतमाळ जिल्हा. बारावी सायन्स, बोर्डाचे पेपर मार्चमध्ये संपले, सीईटीचा अभ्यास सांभाळून सकाळी दोन तास त्याला हे करायचं होतं. भाऊजींनी दहा हजारांपर्यंत होकार दिला, तोही बहिणीने मध्ये पडून. माझं तालुक्याला इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंगचं दुकान आहे आणि विमानाचा नाद मला जुना आहे, त्यामुळे पोरगं सरळ माझ्याकडं आलं.

जागा म्हणजे त्यांचंच चार एकराचं वावर. कपाशी निघालेली, पऱ्हाटी उपटून एका कोपऱ्यात रचलेली, आजूबाजूची वावरंही चणा-गहू निघून मोकळी. पश्चिमेच्या धुऱ्यावर निंब आणि बाभळी, उत्तरेला विहीर आणि तिच्या मोटरसाठी आलेली लाईन, पलीकडं डीपी. म्हणजे उडवायला दोनच बाजू मोकळ्या, दक्षिण आणि पूर्व. हे मी आधी कागदावर काढायला लावलं, कारण विमान निवडायच्या आधी वावर मोजावं लागतं. चार एकर म्हणजे साधारण 125 मीटर बाय 125 मीटर, आणि विमान ताशी 60 किलोमीटरनं जात असेल तर हे अंतर साडेसात सेकंदात संपतं. नवीन माणसाला साडेसात सेकंदात काय सुचणार?

त्याच्या मनात होतं दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानासारखं दिसणारं एक फोमचं मॉडेल, 80 सेंटीमीटर पंख, चार चॅनल (म्हणजे रिमोटवरून वेगवेगळे चालणारे चार कंट्रोल), परदेशातून येणारं. दिसायला खरंच देखणं. पण एक तर 2022 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने तयार ड्रोन बाहेरून आणण्यावर बंदी घातली, सुटे पार्ट चालतात, पण बाहेरून येणारं तयार उडतं मॉडेल कस्टममध्ये अडकायची भीती राहतेच. आणि ते आलं असतं तरी मी नकोच म्हणालो असतो. कारण हिशोबात आहे.

विमान किती हळू उडू शकतं हे ठरतं पंखाच्या क्षेत्रफळावर किती वजन बसतं त्यावरून. त्या लढाऊ मॉडेलचं पंखाचं क्षेत्रफळ 11 चौरस डेसिमीटरच्या आसपास आणि वजन 700 ग्रॅम, म्हणजे दर चौरस डेसिमीटरला 64 ग्रॅम. आम्ही जे बनवलं त्याचा पंख 120 सेंटीमीटर लांब आणि 20 सेंटीमीटर रुंद, म्हणजे 24 चौरस डेसिमीटर, वजन बॅटरीसकट 750, म्हणजे 31 ग्रॅम. आता हवेतून पडायच्या आधीचा कमीत कमी वेग या आकड्याच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. आमच्या विमानाचा तो वेग हिशोबाने ताशी 25 किलोमीटरच्या जवळपास येतो, त्या देखण्या विमानाचा 36. या अकरा किलोमीटरच्या फरकातच नवीन माणसाला विचार करायला वेळ मिळतो की नाही ते ठरतं. भाच्यानं हा हिशोब स्वतः मांडला, फिजिक्सचा पोरगा आहे, आणि त्यानंतर त्या लढाऊ विमानाचं नाव काढलं नाही.

दुसरा पर्याय होता दोन छोट्या मोटरचं खेळण्यातलं ग्लायडर, हजार-दीड हजारात मिळतं. घरामागं संध्याकाळी खेळायला ठीक आहे, पण ते शंभर ग्रॅमसुद्धा नसतं, आपल्याकडच्या एप्रिलच्या वाऱ्यात थेट शेजाऱ्याच्या वावरात, आणि वर-खाली करायला त्याला शेपटीचा कंट्रोलच नसतो, गॅस, म्हणजे मोटरचा वेग, कमीजास्त करूनच सगळं, त्यातून पुढचं काही शिकायला मिळत नाही. तिसरा पर्याय फ्लाइंग विंग, शेपटी नसलेलं. मजबूत असतं, पण हवेत लांब गेलं की तोंड कुठं आणि पाठ कुठं तेच कळत नाही, पहिल्यासाठी नाही.

मग ठरलं, हाय विंग, म्हणजे पंख वर आणि धड खाली, पंखाची दोन्ही टोकं सहा-सहा सेंटीमीटर उचललेली, तीन चॅनल, गॅस, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) आणि रडर (डावी-उजवीकडं वळवणारी शेपटीची पट्टी). टोकं उचललेली असली की विमान एका अंगाला कललं तरी रिमोटच्या काड्या सोडल्यावर हळूहळू आपोआप सरळ होतं. नवीन माणसाला हीच गोष्ट वाचवते.

धड सनपॅक शीटचं, तीच जी फ्लेक्सवाल्यांकडं बोर्डासाठी असते, जुन्या जाहिरातींचे तुकडे फुकट मिळतात. पण पंखाला सनपॅक जड पडतं, म्हणून पंख 5 मिलिमीटरच्या डेप्रॉन फोमचा, वरच्या बाजूला पुढच्या अर्ध्या रुंदीवर फोमचा दुसरा थर चिकटवलेला, त्यानं पायरीसारखा आकार होतो आणि उचल चांगली मिळते. मधून एक फायबरची काडी. मोटर 2212 साइजची, 1000 केव्ही (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे), 30 अँपिअरचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, मोटरचा पंखा म्हणजे प्रोपेलर 10 बाय 4.5 इंचाचा, शेपटीच्या पट्ट्या हलवायला दोन 9 ग्रॅमचे सर्व्हो, बॅटरी 3 सेल 2200 एमएएच. या मोटरला या पंख्यावर 800 ग्रॅमच्या आसपास ओढ मिळते, 750 च्या विमानाला ती गरजेपेक्षा जास्तच आहे, शिकायच्या विमानाला निम्म्या वजनाइतकी ओढ असली तरी चालतं. रिमोट फ्लायस्कायचा आय6, आणि पैशाचा जवळजवळ निम्मा भाग त्यातच गेला. तिथं काटकसर करू नका, विमान बदलतं पण रिमोट पुढच्या चार विमानांना तोच लागतो.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. तीन चॅनलमध्ये रडरची वायर रिसीव्हरच्या चौथ्या चॅनलला न लावता पहिल्याला लावली, म्हणजे वळणं उजव्या काडीवर आलं. उद्या आयलेरॉनवालं, म्हणजे पंखावरच्या पट्ट्यांनी वळणारं, विमान घेतलं की वळणं त्याच काडीवर असतं, हाताला नवीन सवय लावावी लागत नाही. आणि सिग्नल तुटला तर गॅस शून्यावर जाईल असं फेलसेफ सेट केलं, ते मोटरचा पंखा काढून टेबलावर तपासलं. टेबलावर काम करताना पंखा कधीच लावून ठेवू नका, 10 इंची पंखा बोटाची हाडं मोडतो.

विमान बनत होतं तेवढ्या दिवसांत तो मोबाईलवर पिकासिम नावाचं फुकटचं सिम्युलेटर खेळत होता. विमान आपल्याकडं तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, आरशात पाहून भांग पाडण्यासारखंच, आणि हे सांगून कळत नाही, हाताला बसावं लागतं. मी एकच युक्ती दिली, विमान समोरून येत असेल आणि एक पंख खाली गेला तर ज्या बाजूचा पंख खाली त्या बाजूला काडी दे.

नियमांचंही पाहून घेतलं. ड्रोन नियम 2021 मध्ये मॉडेल विमानांची वेगळी व्याख्या आहे, 25 किलोपर्यंत वजन, शिक्षण, संशोधन किंवा हौसेसाठी, आणि नजरेच्या टप्प्यातच उडवायचं. आपलं 750 ग्रॅमचं मायक्रो गटात येतं, बिगरव्यावसायिक वापराला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनच्या वेबसाइटवरच्या नकाशावर वावर ग्रीन झोनमध्ये आहे का ते पाहिलं, तिथं 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. आम्ही तर शंभर-दीडशे फुटांच्या वर जातच नव्हतो. नागपूर, अमरावतीच्या बेलोरा किंवा कुठल्याही धावपट्टीच्या जवळ राहणाऱ्यांनी हा नकाशा आधी पाहावाच, तिथं नियम कडक आहेत.

आता मुख्य गोष्ट.

पहिली उड्डाणं सकाळी उजाडल्या-उजाडल्या केली. वारा जवळजवळ नाही, हवा थंड, विमान मी हातानं फेकून दिलं आणि वर नेऊन रिमोट त्याच्या हातात दिला. मस्त उडालं. मोठे मोठे गोल, गॅस निम्म्यावर, आठ मिनिटांचा टायमर वाजला की उतरवायचं. उतरवताना वाऱ्याकडं तोंड, गॅस बंद, नाक किंचित वर धरून पोटावर घसरवायचं, चाकं लावलीच नव्हती, ढेकळात चाकं म्हणजे पलटीच. पंखा प्रॉप सेव्हरवर रबरी रिंगनं बांधलेला, जमिनीला लागला की रिंग सरकते, मोटरचा दांडा वाकत नाही.

मग मी दुकानात अडकलो आणि तो एकटा जाऊ लागला. थोड्या दिवसांत फोन आला.

"मामा, इमान गॅस देल्ला का नाक वरते करते अन् उभंच्या उभं खाली येते. काहून होत असीन?"

गावातल्या ज्यानं त्यानं आपापलं निदान दिलेलं होतं. कोणी म्हणे वारं जास्त, कोणी म्हणे मोटर जास्त ताकदीची आहे. भाच्याचं मत, शेपटीकडं वजन जास्त झालं. मत चुकीचं नव्हतं, कारण मागं वजन जास्त असलं तर विमान असंच नाक वर करतं आणि आवरत नाही. त्यानं बॅटरी पुढं सरकवली, तरी तेच. आणखी पुढं सरकवली, आता गॅस कमी केला की विमान दगडासारखं खाली आणि गॅस वाढवला की पुन्हा नाक वर.

मी त्याला बॅटरी परत पहिल्या जागी आणायला लावली. आमच्या 20 सेंटीमीटरच्या पंखावर तोल पुढच्या कडेपासून साडेपाच सेंटीमीटरवर यायला पाहिजे, म्हणजे रुंदीच्या पाव आणि 30 टक्क्यांच्या मधोमध. दोन बोटं पंखाखाली त्या खुणेवर ठेवायची, विमान सपाट किंवा नाक जरासं खाली राहिलं की झालं. बरोबर होतं. मग मी म्हणालो आता पंखा न फिरवता नुसतं फेक, छातीएवढ्या उंचीवरून, वाऱ्याकडं तोंड करून. विमान सरळ, हळूहळू उतरत पंधरा-वीस मीटर गेलं आणि पोटावर बसलं. एलिव्हेटर सरळ, तोल बरोबर.

इथं प्रकरणाचा धागा हाती लागला. गॅस बंद असताना विमान नीट उतरतं आणि गॅस दिला की नाक उचलतं, याचा अर्थ दोष तोलात नाही, ओढ ज्या दिशेनं लागते त्या दिशेत आहे. हाय विंगमध्ये पंखाला होणारा हवेचा अवरोध वर असतो आणि मोटर खाली असते, त्यामुळे गॅस दिला की नाक वर जायला पाहतंच. म्हणून मोटर बसवतानाच तिला दोन-तीन अंश खाली आणि दोनेक अंश उजवीकडं तोंड करून बसवतात. आम्हीही तसंच बसवलं होतं, आईस्क्रीमच्या काडीची पाचर लावून. पहिल्या उड्डाणांना ती बरोबर होती. मग मधल्या काळात काय बदललं?

मी फोनवर विचारलं, कधी होतं हे? म्हणाला, सकाळी पहिल्यांदा नीट उडते, मग नऊ-साडेनऊला बिघडते. घरी नेऊन संध्याकाळी पाहिलं तर सगळं जागच्या जागी. आणि मधल्या वेळात विमान कुठं असतं? तर तिथंच, वावरात, रचलेल्या पऱ्हाटीवर, उन्हात, आणि नाकाला त्यानं काळा रंग दिलेला, छान दिसतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. पहाटे मोटरचा पाया बोटांनी हलवून पाहिला, घट्ट. विमान नेहमीसारखं पऱ्हाटीवर ठेवलं, साडेनऊपर्यंत थांबलो. नाकाला हात लावला तर चटका बसला. मोटर धरून खाली-वर केली आणि ती चक्क हलली, दात हलल्यासारखी नाही, चिक्कीच्या पाकासारखी, हळूहळू, दाबलं तिकडं जाऊन तिथंच राहणारी.

प्लायवूडचा पाया धडाला ग्लू गनच्या ग्लूनं चिकटवलेला होता. वरची कड पाचरीमुळे फेविक्विकनं घट्ट बसलेली, खालची कड नुसत्या ग्लूवर. हा ग्लू साठ अंशांच्या पुढं-मागं नरम पडायला लागतो, आणि एप्रिलच्या उन्हात काळा पृष्ठभाग तिथपर्यंत सहज पोचतो. फुल गॅसला मोटर 800 ग्रॅमनं पुढं ओढते, वरची कड हलत नाही, खालची सुटून पुढं येते, मोटरचं तोंड वर. मग नाक वर, वेग कमी, विमान पडतं. सावलीत नेलं की ग्लू पुन्हा कडक, म्हणून संध्याकाळी काहीच दिसत नाही. परदेशी व्हिडिओत अख्खं विमान ग्लू गनवर जोडतात, तिथल्या हवेत चालत असेल, आपल्याकडं मार्चनंतर अख्ख्या विमानाचा भार त्याच्यावर सोडू नये. हे मला फार कळकळीनं सांगायचंय, कारण याच एका गोष्टीमुळे कितीतरी पोरांनी स्वतःला दोष देऊन रिमोट विकून टाकले असतील.

दुरुस्ती सोपी. ग्लू पूर्ण खरवडून काढला, धडाच्या आत प्लायवूडचा दुसरा तुकडा बसवला आणि दोन तुकड्यांच्या मधे सनपॅक घेऊन चार 3 मिलिमीटरचे नटबोल्ट आवळले, खालून वॉशर कमी आणि वरून जास्त, म्हणजे मोटरचं तोंड खाली. मधे अरलडाईट, एक रात्र वाळू दिलं. अरलडाईटसुद्धा फार तापलं तर थोडं नरमतं, म्हणून भार बोल्टवर आणि चिकटवण नुसती थरथर थांबवायला. सनपॅक गुळगुळीत असतं, त्याला कोणतीच चिकटवण नीट धरत नाही, आधी पॉलिश पेपरनं खरबरीत करावं लागतं. आणि डेप्रॉनच्या पंखाला साधं फेविक्विक लावू नका, फोम विरघळून खड्डा पडतो. नाकाचा काळा रंग काढून पांढरी टेप मारली.

त्याबरोबर वेळापत्रकही बदललं. उजाडल्यापासून आठपर्यंतच उडवायचं. आठ-साडेआठनंतर नांगरलेल्या काळ्या जमिनीवरून गरम हवा वर चढायला लागते, 25 च्या वेगानं उतरणाऱ्या विमानाला ती एका पंखाखालून उचलते आणि नवीन पोरगा गडबडतो. थंड सकाळी हवा दाटही असते. 15 अंशांच्या तुलनेत 45 अंशांना हवा जवळपास दहा टक्के विरळ होते, मोटरची ओढ आणि पंखाची उचल दोन्ही कमी. उडवून झालं की विमान निंबाच्या सावलीत, वर पांढरी चादर.

बॅटरीबद्दल थोडं जास्तच बोलतो, कारण आपल्याकडच्या उन्हात ती खरी धोक्याची वस्तू. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी मोटरसायकलच्या डिक्कीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायची नाही, एकदाही नाही. चार्जिंग 2.2 अँपिअरच्या वर नाही, फरशीवर, माणूस जवळ असताना, आणि उडवून आल्यावर गरम असेल तर पूर्ण थंड झाल्यावरच. पूर्ण चार्ज म्हणजे सेलला 4.2 व्होल्ट, आणि चार-आठ दिवस वापरायची नसेल तर 3.8 व्होल्टवर आणून ठेवायची, फुल चार्ज ठेवलेली बॅटरी उन्हाळ्यात लवकर फुगते. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, ती कितीची का असेना. भाऊजींनी तिच्यासाठी विहिरीच्या खोलीत पत्र्याची जुनी पेटी दिली, तिथं गारवा असतो, आजूबाजूला जळण नाही.

दुरुस्तीनंतर गॅस फुल देऊन पाहिलं, विमान नाक जरासं उचलून सरळ चढलं, जसं पाहिजे तसं. त्यानंतरही ते पडलं, एकदा बाभळीत अडकलं आणि काढताना पंखाचं टोक तुटलं, एकदा समोरून येताना डावं-उजवं चुकलं आणि ढेकळात नाक घुसलं. पण हे पडणं शिकण्यातलं आहे, कारण कळतं, त्याच संध्याकाळी फोमचा तुकडा लावून सकाळी विमान पुन्हा वर. पंखे मात्र चार-पाच जास्तीचे ठेवलेले बरे, स्वस्त असतात आणि ते मागवून येईपर्यंत आठवडा जातो.

गावातली लहान लेकरं रोज जमायची, त्यांना सगळ्यांना उडवणाऱ्याच्या मागं बसवायचं आणि विमान त्यांच्या डोक्यावरून कधीच न्यायचं नाही हा नियम भाच्यानं स्वतः काटेकोर पाळला, लाईनच्या बाजूला तर तो वळतच नाही.

सध्या तो त्याच धडावर दुसरा पंख बनवतोय, आयलेरॉनवाला, टोकांची उचल निम्मी. रिमोटमध्ये नवीन मॉडेल मेमरी केली, काड्यांना 30 टक्के एक्स्पो दिला, म्हणजे काडी मधल्या भागात थोडी हलली तर विमान हळूच वळतं. पावसाळ्यात वावरात पाय ठेवता येणार नाही, म्हणून उडवणं सोयाबीन निघाल्यावर, ऑक्टोबरमध्ये. तोपर्यंत बॅटरी 3.8 वर, आणि मोटरच्या पायाचे चारही नट महिन्यातून एकदा आवळून पाहायचे असं त्यानं वहीत लिहून ठेवलंय.